टी-शर्टवरचा चे : प्रदर्शनाच्या फलकावर नेमकं काय लिहावं?

खडूफळा

वेशभूषेच्या इतिहासावर एक छोटं प्रदर्शन उभं राहतंय. शेवटची तीन मीटरची भिंत राजकीय छापांच्या कपड्यांसाठी राखली आहे, म्हणजे क्यूबाच्या क्रांतीतला कमांडर चे गेवारा याचा टी-शर्ट आलाच. सहा फलक, प्रत्येकी फार तर ऐंशी शब्द. बघायला येणारी बहुतेक मुलं सोळा ते वीस वर्षांची. त्यांतल्या दोघातिघांच्या अंगात तोच टी-शर्ट असणार असं धरून चाला.

आत्ताचा मसुदा दोन्हीकडून फसलाय. एका फलकावर 'अन्यायाविरुद्ध लढणारा तरुण डॉक्टर', शेजारच्यावर 'हजारोंचा खाटीक'. दोन्ही वाक्यं इकडून तिकडून उचललेली.

माहितगारांना विचारायचं ते असं : फोटोचा छाप झाला तो कोणत्या टप्प्यांनी? त्याच्या हिंसेबद्दल कागदावर टिकेल असं काय लिहिता येईल? चे सोडून आणखी कुणाला घ्यावं? आणि तिथेच छापून दाखवायचं तर हक्कांची भानगड काय आहे? माणसं मारणारा माणूस फॅशन कसा होतो हे दाखवायचंय, पण भिंतीने मुलांना उपदेश करायला नको.

---

रेषाबंध

सुरुवात फोटोपासून करा, पण न कापलेल्या फोटोपासून. बहुतेक प्रदर्शनांत इथेच चूक होते. कापलेली आवृत्तीच 'मूळ फोटो' म्हणून लावतात.

४ मार्च १९६० ला हवानाच्या बंदरात 'ला कूब्र' हे फ्रेंच जहाज दारूगोळा उतरवताना फुटलं. मेलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी कोलोन दफनभूमीजवळ सभा झाली. 'रेवोलुसिओन' या दैनिकासाठी आल्बेर्तो कोर्दा तिथे फोटो काढत होता. लायका एम-२ कॅमेरा, ९० मिलिमीटरची लेन्स, कृष्णधवल फिल्म. चे मंचावर मागे उभा होता. काही सेकंदांपुरता तो कठड्यापाशी आला. कोर्दाने दोन फ्रेम घेतल्या, एक आडवी आणि एक उभी, तेवढ्यात तो मागे सरकला. उभीत त्याच्या खांद्यावरून दुसऱ्या कुणाचं डोकं वर आलंय, म्हणून ती कामातून गेली. आडवीत एका अंगाला एका माणसाचा अर्धा चेहरा आहे आणि दुसऱ्या अंगाला ताडाची पानं.

दैनिकाने क्यूबाचा नेता फिदेल कास्त्रो याचे, तसेच पाहुणे म्हणून आलेल्या सार्त्र आणि सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखकांचे फोटो निवडले. हा तसाच राहिला. कोर्दाने माणूस आणि ताड दोन्ही कापून आडव्याचा उभा केला आणि स्टुडिओच्या भिंतीवर लावून ठेवला. कोर्दा क्रांतीपूर्वी फॅशनचे फोटो काढायचा. फलकावर हे एक वाक्य आलंच पाहिजे. कॅमेरा किंचित खाली, नजर लेन्समध्ये नाही तर तिच्या वरून पलीकडे, ही मांडणी त्याच्या हातात मुरलेली होती.

पुढचा टप्पा १९६७. इटालियन प्रकाशक जानजाकोमो फेल्त्रिनेल्ली हवानाला गेला असताना कोर्दाने त्याला दोन प्रती फुकट दिल्या. ९ ऑक्टोबर १९६७ ला बोलिव्हियातल्या ला इगेरा गावात चेला पकडीत असतानाच गोळ्या घालून मारलं, आणि त्यानंतर फेल्त्रिनेल्लीने पोस्टरांचा सपाटा लावला. (अवांतर : हाच फेल्त्रिनेल्ली मार्च १९७२ मध्ये मिलानजवळच्या सेग्राते इथे विजेच्या उच्चदाबाच्या मनोऱ्याखाली, स्फोटकांनी, मेलेला सापडला. चित्र खपवणारा आणि चित्रातला माणूस एकाच वाटेने गेले. पण याला फलक देऊ नका, मुलांना तेवढंच लक्षात राहील.)

टी-शर्टवर असतो तो मात्र फोटो नव्हे, चित्र. १९६८ साली आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकने दोन रंगांत उतरवलेलं. लाल कागदावर काळा छाप आणि तारा हाताने पिवळा केलेला. त्याने डोळे किंचित वर उचलले. खांद्याच्या घडीत स्वतःच्या आडनावातला 'एफ' उलटा करून दडवला. तो टी-शर्टवर दिसला तर मूळ वंश कळतो. फार वेळा पुन्हापुन्हा नक्कल झालेल्या छापात तो कधीच पुसलेला असतो.

---

शाईबोट

छपाईच्या बाजूने लिहितो, कारण 'एवढा का खपला' याचं अर्धं उत्तर छपाईच्या स्क्रीनवर, म्हणजे शाई ज्यातून कापडावर उतरते त्या ताणलेल्या जाळीवर, मिळतं.

करड्या छटांचा फोटो कापडावर उतरवायचा तर हाफटोन लागतो, म्हणजे छटांचे ठिपके. कापडासाठी साधारण इंचाला ४५ ते ५५ ओळींचे ठिपके धरा. ठिपके टिकायचे तर मेश, म्हणजे जाळीची वीण, ओळींच्या चौपट-पाचपट बारीक हवी, म्हणजे इंचाला २३० च्या आसपास धागे. तेवढ्या बारीक मेशमधून शाई कमी उतरते, गडद कापडावर छाप फिका पडतो, मग खाली पांढरा थर द्या, तो मधे सुकवा, वर पुन्हा नेमका जुळवा. मेश जाड घेतली तर बारीक ठिपके इमल्शन (जाळीवरचा प्रकाशाने पक्का होणारा लेप) धुतानाच वाहून जातात आणि उरलेल्यांत जाळीदार पट्टे उठतात. प्रत्येक पायरीला माल वाया जातो.

याउलट दोनरंगी चित्राला एक फिल्म, एक स्क्रीन, एक शाई पुरते. इंचाला ११० धाग्यांची, कुठल्याही कारखान्यात पडून असलेली मेश चालते. कापडापासून दोन-तीन मिलिमीटर उचलून स्क्रीन ठेवा, स्क्वीजी (शाई दाबणारी रबरी पट्टी) एकदा ओढा, झालं. प्लास्टिसोल (उष्णतेने पक्की होणारी प्लास्टिकची) शाई असेल तर १६० अंशांना पक्की करा. ते तापमान थरात शेवटपर्यंत पोचलं नाही तर पाचव्या धुण्यात दाढी निघून येते.

आता चेहरा बघा. वर गडद टोपी, दोन्ही बाजूंना गडद केस, खाली दाढी आणि बंद कॉलर. उजळ भागाला सगळीकडून काळी चौकट मिळाली आहे, त्यामुळे कडा वेगळी आखावी लागत नाही. नखाएवढ्या आकारातही ओळखू येतो आणि भिंतभरही.

मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं तर संगणकावर फोटोचे रंग काढा आणि थ्रेशोल्डची पट्टी (कुठल्या छटेपर्यंत काळं आणि कुठून पांढरं हे ठरवणारी) सरकवत जा. ० ते २५५ मध्ये १२८ च्या अलीकडेपलीकडे चेहरा उभा राहतो. पट्टी थोडी वर गेली की भुवई आणि डोळा एकमेकांत मिसळून काळा डाग होतो, थोडी खाली आली की गालाची कड कागदात विरून जाते. नजर कुठल्याच आकड्याला नीट सापडत नाही, ती हाताने काढावी लागते. फिट्झपॅट्रिकने तेच केलं.

कागदी स्टेन्सिल कापणार असाल तर टोपीवरच्या ताऱ्याकडे लक्ष ठेवा. चारी बाजूंनी काळ्याने वेढलेला असल्याने तो 'बेट' होतो आणि कापल्यावर गळून पडतो. एक तर दोन मिलिमीटरची पट्टी सोडून तो जोडून ठेवा, नाहीतर नंतर वेगळा मारा.

---

जुनी_फाईल

'हजारोंचा खाटीक' आधी काढा. आणि 'तरुण डॉक्टर' एकटा ठेवू नका. फलकावर टिकतील अशा गोष्टी देतो.

एक, १७ फेब्रुवारी १९५७. सिएरा मायेस्त्रा डोंगरात एउतिमिओ गेर्रा हा वाटाड्या शत्रूला फितूर निघाला. त्याला चेने स्वतः .३२ च्या पिस्तुलाने डोक्यात गोळी घातली. छापलेल्या आठवणींत त्याने गोळी कुणी घातली ते लिहिलं नाही. १९९० च्या दशकात उजेडात आलेल्या खासगी दैनंदिनीत ते स्पष्ट आहे, तेही एखाद्या रुग्णाच्या नोंदीसारखं, गोळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली इथपर्यंत. 'तरुण डॉक्टर' हे शब्द ठेवायचेच असतील तर या नोंदीशेजारी ठेवा.

दोन, ला काबान्या. जानेवारी १९५९ पासून काही महिने हवानातला हा किल्ला त्याच्या ताब्यात होता. क्रांतीने हटवलेला हुकूमशहा बातिस्ता याचे पोलीस, सैनिक, खबरे यांच्यावर क्रांतिकारी न्यायालयं चालली, सुनावण्या झटपट उरकल्या, आणि फाशीऐवजी बंदुकांची फैर होती. अपिलांवर शेवटचा शब्द चेचा. किती जण मारले याच्या याद्या जुळत नाहीत. पन्नाशीपासून शंभराच्या बऱ्याच पुढे आकडे जातात. फलकावर एकच आकडा ठोकू नका, पल्ला द्या. त्यांतले काही छळासाठी कुप्रसिद्ध होते हेही लिहा, कारण हरकत घेणारा पहिला माणूस तेच म्हणणार. मुद्दा सुनावणी कशी झाली याचा आहे, आरोपी कोण होते याचा नाही.

तीन, ११ डिसेंबर १९६४, संयुक्त राष्ट्रांची आमसभा. तिथे त्याने उघड सांगितलं की आम्ही गोळ्या घातल्या आहेत, घालतो आणि गरज असेल तोवर घालत राहू. कुणी चोरून ऐकलेलं वाक्य नाही हे, व्यासपीठावरून बोललेलं आहे.

चार, एप्रिल १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्रिखंडी संघटनेला (आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या चळवळींची संघटना) दिलेला संदेश. त्यात द्वेष हे लढ्याचं अंग आहे आणि त्यातून सैनिक थंड डोक्याचं, परिणामकारक मारणारं यंत्र बनतो असं त्याने लिहिलं आहे. माझ्या मते भिंतीवर हे एक वाक्य पुरे आहे. टी-शर्ट घालणाऱ्याला त्यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

आता काय लिहू नये. समलिंगी आणि धार्मिक लोकांना डांबलेल्या 'उमाप' (यूएमएपी) नावाच्या श्रमछावण्या चेने काढल्या, असं सर्रास छापतात. त्या नोव्हेंबर १९६५ मध्ये सुरू झाल्या. तो एप्रिलमध्येच काँगोला गेला होता. त्याच्या नावावर खरंच जाते ती ग्वानाकाबीबेसची श्रमछावणी. चुका करणाऱ्या अधिकाऱ्यांना तिथे पाठवत आणि त्याने तिचं जाहीर समर्थनही केलं होतं. दोन्हींची गल्लत केलीत की जाणकार माणूस बाकीचे पाच फलकही वाचणार नाही.

वचनांचं तेच. 'गुडघ्यांवर जगण्यापेक्षा उभ्याने मरण बरं' हे पोस्टरांवर त्याच्या नावाने येतं, पण त्याआधी ते मेक्सिकन क्रांतिकारक सापातापाशी जोडलं जात होतं आणि १९३६ साली स्पॅनिश कम्युनिस्ट नेत्या दोलोरेस इबारुरीमुळे गाजलं होतं. उलट बाजूने 'गोळी घालायला पुरावा लागत नाही' हे वाक्यही फिरतं. त्याचा मूळ कागद कुणी दाखवत नाही, सोडून द्या. वंशभेदाबद्दल १९५२ च्या प्रवासातली त्याची तुच्छतेची वाक्यं खरी आहेत. १९६४ च्या त्याच भाषणात वर्णद्वेषाविरुद्ध बोलला तेही खरं आहे. ऐंशी शब्दांत दोन्ही मावणार नसतील तर तो विषयच घेऊ नका.

---

तिरकी_मात्रा

वरचं सगळं मान्य, पण भिंत एकट्या चेवर उभी राहिली तर बघणारा म्हणेल, 'हा चेचा प्रश्न दिसतोय'. तसं नाही. जुनं उदाहरण घ्या : इटलीच्या एकीकरणासाठी लढलेला सेनानी गारिबाल्दी. १८६० च्या मोहिमेत त्याचे स्वयंसेवक लाल सदरे घालून लढले आणि त्याच दशकात युरोप-अमेरिकेतल्या बायका 'गारिबाल्दी शर्ट' घालू लागल्या. लाल मेरिनो लोकर, काळी फीत, पुढे बटणं. बायकांच्या सुट्या ब्लाउजचं मूळ त्यात शोधतात. तुमचं प्रदर्शन वेशभूषेचं आहे, तेव्हा हा सदरा चेच्या आधी हवा. एक फरक मात्र दाखवा : तिथे सैनिकाचा कपडा उचलला, इथे चेहरा उचलून कुठल्याही कपड्यावर ठेवला.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते ३० एप्रिल १९७८. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशवादाविरोधी संगीतसभा होती. 'द क्लॅश' या पंक बँडचा गायक जो स्ट्रमर मंचावर ज्या टी-शर्टमध्ये आला त्यावर इटलीतल्या रेड ब्रिगेड्स या सशस्त्र डाव्या गटाचं नाव (इटालियनमध्ये 'ब्रिगाते रोस्से') आणि तशाच जर्मन गटाचा, 'आरएएफ'चा, तारा होता. नाव चुकीच्या स्पेलिंगने छापलेलं. त्याच दिवशी इटलीचा माजी पंतप्रधान आल्दो मोरो रेड ब्रिगेड्सच्या कैदेत होता. १६ मार्चला त्याला पळवताना पाच अंगरक्षक मारले होते, ९ मेला त्याचं प्रेत गाडीच्या डिकीत सापडलं. गाणी रंगात आली होती तेव्हा हा माणूस जिवंत होता. फलकावर तीन तारखा एकाखाली एक लिहा. मत लिहायची गरजच नाही.

दुसरं, जून २००७, पेरू. अभिनेत्री कॅमेरॉन डियाझ माचू पिचूला गेली तेव्हा तिच्या खांद्याला हिरवी पिशवी होती, लाल तारा आणि चिनी अक्षरांत माओची 'जनतेची सेवा करा' ही घोषणा. चीनमध्ये पर्यटकांना विकतात तसली. पण पेरूत माओवादी 'शायनिंग पाथ'ने १९८० मध्ये जो रक्तपात सुरू केला त्यात, सत्यशोधन आयोगाच्या २००३ च्या अंदाजाप्रमाणे, एकूण ६९,२८० माणसं गेली. आयोगाकडे नोंदलेल्या मृत्यूंपैकी ५४ टक्के एकट्या शायनिंग पाथने केले. तिने माफी मागितली. पिशवी तीच होती, विमानाने दुसऱ्या देशात नेली एवढंच झालं.

आणि माझा मतभेद. टी-शर्ट घालणारा हिंसेला पाठिंबा देतो असं सुचवू नका. बहुतेकांना नावसुद्धा धड माहीत नसतं. खपतो तो बंडाचा आव, आणि तो खपायला माणूस लवकर आणि देखणा असताना मेलेला बरा. फिदेल कास्त्रोने त्याच क्रांतीचं नेतृत्व केलं, दाढी त्यालाही होती, टोपीही होती. पण तो म्हातारा झाला, सत्तेत राहिला, भाषणं लांबली. चे ३९ व्या वर्षी संपला.

---

जुनी_फाईल

'बंडाचा आव' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. मियामीत राहणाऱ्या ज्या माणसाचा बाप ला काबान्यात मेला त्याला समोरच्याच्या मनातला भाव दिसत नाही, छातीवरचा चेहरा दिसतो. जानेवारी २०१२ मध्ये लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स मेळ्यात मर्सिडीजच्या सादरीकरणात चेच्या टोपीवर ताऱ्याच्या जागी कंपनीचं चिन्ह बसवलं होतं. क्यूबन-अमेरिकन लोकांनी गदारोळ केला आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर कंपनीला माफी मागावी लागली. डिसेंबर २००६ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीने त्याच्या चित्राचं सीडीचं पाकीट मागे घेतलं. या कंपन्यांचाही हेतू निरागसच होता की!

---

तिरकी_मात्रा

म्हणूनच हेतूवर फलक लिहू नये म्हणतोय. वस्तू दाखवा, तारीख दाखवा, बाजूला दुसरी तारीख दाखवा.

---

खडूफळा

सर्वांचे आभार, मसुदा जवळजवळ नव्याने लिहिला. क्रम असा : गारिबाल्दी शर्ट, न कापलेली फ्रेम, कापलेली फ्रेम आणि दोनरंगी चित्र एका फलकावर, मग ला काबान्या, मग स्ट्रमरच्या तीन तारखा, शेवटी पेरूची पिशवी. संदेशातलं वाक्य टी-शर्टच्या मागच्या बाजूला, म्हणजे वळसा घालून गेल्यावरच दिसेल असं. हक्कांचं अजून राहिलंय. शिवाय शाईबोट यांनी सांगितलेली थ्रेशोल्डची पट्टी मुलांच्या हातात द्यावी असा विचार आहे.

---

रेषाबंध

दोन वेगवेगळे हक्क आहेत, एक करू नका. फोटो कोर्दाचा, चित्र फिट्झपॅट्रिकचं. क्यूबा बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात १९९७ साली आला, तोवर कोर्दाला बाहेरून पैसा मिळायचा मार्ग नव्हता. २००० साली लंडनमध्ये त्याने स्मिरनॉफ वोडकाच्या जाहिरातीवरून दावा लावला. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं आणि मिळालेले सुमारे ५०,००० डॉलर त्याने क्यूबातल्या मुलांच्या औषधांसाठी दिले. चेचा विचार पसरवायला फोटो वापरा, पण दारू विकायला नको, अशी त्याची भूमिका होती. कोर्दा २००१ मध्ये गेला, हक्क वारसांकडे. भिंतीवर लावायला लेखी परवानगी मागा. पत्रात आकार, प्रती, प्रदर्शनाचे दिवस आणि विक्री होणार की नाही हे चारही लिहा. शेवटचं विसरलात तर उत्तराऐवजी प्रश्न येतो.

टी-शर्ट मात्र दुकानातून आणलेला खरा लावा, छापून विकू नका.

---

शाईबोट

पट्टी मुलांच्या हातात द्याच, पण तिथे चेचा फोटो ठेवू नका. मुलांचाच चेहरा घ्या. हक्कांचा प्रश्नही मिटतो.

खिडकीशेजारी, एका बाजूने उजेड येईल असं उभं करा. कॅमेरा हनुवटीच्या उंचीला. 'माझ्याकडे नको, माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघ' असं सांगा. गडद टोपी आणि गडद कॉलर नसेल तर डोकं पार्श्वभूमीत विरघळेल, म्हणून एक काळी टोपी तिथे टांगून ठेवा. मग पट्टी. ११० ते १४० च्या मधे कुठेतरी वर्गातला सगळ्यात गुणी पोरगासुद्धा कमांडर दिसायला लागतो.

छापील प्रत हातात देऊ नका, पडद्यावरच राहू दे. आणि पट्टी सोडली की ती आपोआप मागे जाऊन पूर्ण फोटो दिसेल अशी बसवा, सगळ्या करड्या छटांसकट, मागे उभ्या असलेल्या मुलांसकट.

---

तिरकी_मात्रा

मागच्या मुलांसकट हे महत्त्वाचं. म्हणजे कॅमेरा आधी आडवा धरा, कापणं नंतर. स्ट्रमरच्या फलकावर 'ब्रिगेड रोसे' असं त्याच चुकीसह लिहा आणि खाली बारीक अक्षरांत 'मूळ टी-शर्टवर असंच' ही टीप घाला. नाहीतर कुणीतरी पेनाने दुरुस्त करून जाईल.